ओतलेलं दूध कुणाचं?

संप हा शब्द मुळात कारखान्याचा. गिरणीतला कामगार हात थांबवतो, यंत्र थांबतं आणि मालकाचं नुकसान सुरू होतं. शेतकऱ्यानं हात थांबवला तर काय थांबतं? गवारीच्या शेंगा निबर व्हायच्या थांबत नाहीत, टोमॅटो पिकायचा थांबत नाही आणि गाय तर पहाटे दावणीला हंबरतेच. म्हणून शेतकऱ्याचा संप म्हटला की पहिला प्रश्न येतो, नुकसान कुणाचं? आणि त्याच्या पोटात दुसरा, ते नुकसान सोसा असं सांगायचा अधिकार कुणाला?

२०१७ च्या जूनमध्ये मी चोवीस वर्षांचा होतो आणि हा दुसरा प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहिला. कारण आमच्या तालुक्यातल्या शेतकरी युवा आघाडीचा मी अध्यक्ष होतो.

अध्यक्ष म्हणजे फार काही नव्हतं. शेतीची पदविका झालेली, चार वाक्यं न अडखळता बोलता यायची आणि मोटारसायकलमध्ये पेट्रोल असायचं, एवढ्यावर पोरांनी मला पुढं केलं. कामंही तशीच. कुणाची डीपी जळाली की वीज कार्यालयात जाऊन बसायचं. तलाठ्याकडं सात-बारावरची चूक दुरुस्त करून घ्यायची. माती परीक्षणाचं शिबिर भरवायचं आणि नमुने द्यायला लोक आले नाहीत की स्वतःच वावरं फिरून पिशव्या भरायच्या. म्हातारी माणसं मला 'अध्यक्ष' म्हणायची ती निम्मी कौतुकानं आणि निम्मी चेष्टेनं. तोवर मी लोकांसाठी फक्त मागत होतो. कुणाला काही सोडायला सांगायची वेळ आली नव्हती.

ती वेळ त्या उन्हाळ्यात आली. २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन वर्षं पावसाविना गेली होती. २०१६ ला पाऊस झाला, पिकलंही चांगलं, आणि भावानं मारलं. तुरीच्या पोत्यांना खरेदी केंद्रावर दिवस-दिवस नंबर लागत नव्हता. कांद्याला काढणीचा खर्च सुटत नव्हता. त्यात नोटाबंदीनं बाजारातली रोकड आटलेली. दुष्काळात माणूस आभाळाला बोल लावतो आणि गप्प बसतो. पिकून बुडाला की गप्प बसवत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला आमच्याच जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या अहमदनगरच्या, राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याच्या ग्रामसभेनं संपावर जायचा ठराव केला. कर्जमाफी द्या, उत्पादन खर्चावर आधारित भाव द्या, दुधाला पन्नास रुपये लिटर द्या. ठराव वाऱ्यासारखा गावोगाव गेला. तारीख ठरली १ जून.

आमच्या गावची बैठक मारुतीच्या पारावर झाली. भाजीचं पटकन ठरलं. तोडायची नाही, बाजारात न्यायची नाही. मग एका आजोबांनी विचारलं, "आन् दुधाचं?"

पार गप्प झाला. कारण तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, भाजी दोन दिवस वेलावर राहील, पण गाईची धार काढावीच लागते. दोन वेळा काढली नाही तर कास तडतडते, सडाला दगडी होते आणि गाय कायमची बाद होऊ शकते. म्हणजे गाय संपावर जाणार नाही. दूध निघणारच. निघालेल्या दुधाचं करायचं काय, एवढाच प्रश्न.

"ओतायचं!" पोरं ओरडली. "रस्त्यावर ओतायचं. त्याशिवाय टीव्हीवाले येत नाहीत."

आता दुधाची एक गोष्ट शहरातल्या वाचकाला सांगायला पाहिजे. आमच्याकडं शेतीत कशालाच 'पगार' म्हणत नाहीत. उसाचं बिल येतं, कांद्याची पट्टी येते. दुधाचा मात्र 'पगार' होतो. दर दहा दिवसांनी, संकलन केंद्रावर, फॅट आणि एसएनएफ बघून. घरातला किराणा, पोराची एसटी, म्हातारीच्या गोळ्या या पगारावर चालतात. ज्याचं रान मोठं त्याच्याकडं दुसरं काही तरी येत असतं. ज्याला रान नाही, फक्त बांधावरचं गवत आणि एक गाय आहे, त्याला सगळ्या वर्षात तेवढाच पगार. गावात दूध सगळेच घालतात, पण प्रत्येकाच्या दुधाचं वजन वेगळं असतं, आणि ते काट्यावर दिसत नाही.

बैठक उठल्यावर आमच्या आळीतल्या एक काकू मला थांबवून म्हणाल्या, "अध्यक्ष, तुमच्या बारा गाया. तुमचं ओतलं तर दूध ओतलं. माझं ओतलं तर किराणा ओतला, बाळा." त्यांची एक गाय. दोन वेळचं मिळून दहा लिटर. पगार दोन-सव्वादोन हजार, त्यातून पेंडीच्या पोत्याचे पैसे वजा.

मी हे रात्री आघाडीच्या पोरांपुढं मांडलं. तेव्हा आमच्यातला सगळ्यात अभ्यासू गडी म्हणाला, "काकूंना सूट दिली की उद्या दोन गायवाला येणार, परवा तीनवाला. गावात निम्मी घरं तेवढ्यावरच आहेत. मग संप करायचा कुणी? आपण पाच जणांनी?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. संपाची ताकद सगळ्यांनी मिळून असण्यातच असते. एक किटली डेअरीला गेली की दुसऱ्या दिवशी दहा जातात, कारण प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच का बुडायचं?

तो पुढं म्हणाला, "चरीची माणसं अशी सूट मागत बसली असती, तर?"

चरीचा संप आमच्या आघाडीच्या शिबिरात दर वर्षी सांगितला जायचा. अलिबाग तालुक्यातलं चरी गाव. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ मध्ये खोतांची शेतं कसायची नाहीत असं ठरवलं आणि १९३९ पर्यंत ते पाळलं. सहा वर्षं! उपासमार सोसली, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. शेतकऱ्याला संप जमत नाही असं म्हणणाऱ्याला चरी हे एकच उत्तर पुरतं.

मी त्या रात्री चरीचाच विचार करत होतो आणि मला दोन फरक दिसले. एक म्हणजे, चरीच्या कुळानं शेत पडीक ठेवलं तेव्हा खोताचा वाटा बुडत होता. कुळाची उपासमार आणि खोताचं नुकसान एकाच बांधावर होतं. आमचं दूध ओतलं तर पहिलं नुकसान आमचं, दुसरं शहरातल्या ज्याला आजची पिशवी मिळाली नाही त्याचं, आणि ज्याच्याकडं मागायचं होतं त्याच्यापर्यंत ते पोचलं तर पोचलं. दुसरा फरक जास्त टोचणारा. चरीची कुळं जवळपास एकाच पायरीवर होती, सगळ्यांच्याच चुली सारख्या विझल्या. आमच्या गावात बारा गायांचा अध्यक्ष एक गायवाल्या काकूंना सांगणार होता, सोसा म्हणून.

सोसा म्हणणं सोपं असतं. भाषणात तर फारच सोपं. पण दुसऱ्याला सोसायला सांगणारानं आधी एक हिशोब करायला पाहिजे. मी जेवढं सोडतोय ते माझ्या घरात कुठं कमी पडतंय आणि तो जेवढं सोडतोय ते त्याच्या घरात कुठं कमी पडतंय? लिटरला लिटर ही समानता नाही. माझ्या दीडशे लिटरनं माझ्या ताटातली एक भाकरी कमी होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावापुढं तीन गोष्टी ठेवल्या. एक, कुणाच्याही दुधाला दुसऱ्याचा हात लागणार नाही. ज्याचं दूध, त्याचा हात. दोन, माईक ज्याच्या हातात, पहिलं दूध त्याच्या गोठ्यातलं. तीन, पाचापेक्षा जास्त गाया असलेल्यांनी पैसे काढायचे आणि एक-दोन गाईंच्या घरांचा बुडालेला पगार त्यातून भरायचा. पहिल्या दोन पटकन मंजूर झाल्या. तिसरीवर घासाघीस झाली. "ही वर्गणी कशाची? आमचं दूध पण जातंय की!" असं म्हणणारे निघाले, आणि त्यांचंही चुकीचं नव्हतं, त्यांच्या डोक्यावर गोठ्याचं कर्ज होतं. शेवटी काहींनी दिले, काहींनी निम्मे दिले, काही आलेच नाहीत. सगळ्यांचा पूर्ण पगार भरला गेला नाही. पण जेवढा भरला तेवढ्यानं गावातल्या बोलण्याचा सूर बदलला. 'संप करायला लावला' असं कुणी म्हटलं नाही. 'आपण केला' म्हणाले.

काकूंकडं पैसे घेऊन गेलो तर त्यांनी विचारलं, "हे दान नव्हं ना?"

"नाही काकू. हा तुमचा पगार."

"मग दे. पण दूध ओतायचं मला सांगू नको. संप म्हणजे विकायचं नाही, एवढंच ना? ओतायचं कुठं आलं त्यात?"

आणि त्यांनी विरजण लावलं. ताक केलं, लोणी काढलं, तूप कढवलं. शेजारच्या पोरांना आठवडाभर ताक पाजलं.

त्यांचं ते वाक्य मला अजून पुरतं. न विकणं हा माझा हक्क आहे. माल माझा, भाव पटला नाही, देत नाही. यात कुणावर अन्याय नाही. ओतणं ही वेगळी गोष्ट आहे, ते बघणाऱ्यासाठी असतं. कधी कधी त्याचीही गरज पडते, कारण शेतकऱ्याचं न विकलेलं दूध कुणाला दिसत नाही, ओतलेलं दिसतं. पण मग ज्याला दाखवायचं आहे त्यानं आपलं ओतावं. गंमत बघा, काकूंच्या दहा लिटरचं तूप होऊ शकत होतं. माझ्या दीडशेचं होऊ शकत नव्हतं. जितकं वाटता आलं तितकं वाटलं, खवा आटवला, तरी उरलंच. म्हणजे ओतायची वेळ खरं तर मोठ्या गोठ्यावरच येते. आमच्या गावात १ जूनला रस्त्यावर पहिली किटली माझ्या घरची उलटी झाली. आई घराबाहेर आली नाही. दूध उतू गेलं तरी चुलीला हात जोडणारी बाई ती.

त्याच दिवशी हमरस्त्यावर वेगळाच प्रसंग झाला. दुसऱ्या गावचा एक पोरगा दुचाकीला चार किटल्या लावून चालला होता. आमच्याकडच्या आणि बाहेरून आलेल्या पोरांनी त्याला अडवला. किटल्यांना हात घातला तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "दादा, हे माझं नाही. आठ घरांचं आहे. मला लिटरमागं रुपया मिळतो." मी मध्ये पडलो. डेअरीला जाऊ देणार नाही, पण ओतणारही नाही, माघारी ने, असं सांगितलं. तो वळला. मागून कुणी तरी बोललंच, "असला मवाळ अध्यक्ष असल्यावर झाली कर्जमाफी!" पुढच्या वर्षी आघाडीनं दुसरा अध्यक्ष निवडला, आवाज माझ्यापेक्षा चढा असलेला. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्या आठ घरांचं दूध माझ्या पदाच्या खात्यावर जमा करायचं मला पटलं नसतं.

संध्याकाळी पुण्यातल्या मित्राचा फोन. "अरे, ओतता कशाला? गरिबांना द्या ना." मी म्हणालो, गावात देतोयच. पण तू एक सांग, वर्षभर आम्ही तोट्यात दूध घालतो तेव्हा ते रोजच थोडं थोडं ओतलेलं नसतं का? फक्त ते तुझ्या पिशवीत ओतलेलं असतं, म्हणून दिसत नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमच्या सोसायटीत धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना आज दुधाला जास्त पैसे पडले, तेही तुला दिसत नाही." दोघंही खरं बोलत होतो. दोन टोकांची दोन गरीब माणसं एकमेकांचा संप सोसत होती, आणि मधला मोकळा होता.

३ जूनच्या पहाटे, धारा काढताना मोबाईलवर बातमी आली, मुंबईत रात्री चर्चा झाली, संप मागे घेतला. गोठ्यागोठ्यातून एकच प्रश्न, "आपल्याला कुणी विचारलं?" पुष्कळ ठिकाणी, नाशिककडं तर जोरात, संप पुढं चालूच राहिला. चर्चेला गेलेल्यांना मी आज दोष देत नाही. एवढ्या लोकांचं ओझं खांद्यावर घेऊन रात्री-बेरात्री निर्णय घेणं सोपं नसतं. पण प्रश्न तोच होता, फक्त एक पायरी वर गेलेला. काकूंच्या दुधावर माझा हक्क किती, तसाच माझ्या सोसण्यावर त्यांचा हक्क किती? पुढं २४ जूनला कर्जमाफी योजना जाहीर झाली, दीड लाखापर्यंतची. गाईच्या दुधाचा सरकारी खरेदी दर २४ वरून २७ रुपये झाला. मागितले होते पन्नास. काकूंना कर्जमाफीचा एक रुपया मिळाला नाही. बँकेनं त्यांना कर्जच कधी दिलं नव्हतं.

ही शेवटची गोष्ट मी आंदोलनाच्या प्रत्येक हिशोबात धरतो. ज्यानं सोसलं आणि ज्याला मिळालं ती माणसं बहुतेक वेळा एक नसतात. म्हणून संप करू नये असं मी म्हणत नाही. न करून काय होतं ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय. पण नेता म्हणजे लोकांच्या वतीनं मागणारा, एवढंच नाही. लोकांच्या वतीनं गमावायचं कुणी आणि किती, हे ठरवणाराही तोच असतो, आणि ते ठरवताना त्याचा हात आधी स्वतःच्या किटलीला लागायला पाहिजे.

आता आघाडीतली नवी पोरं कधी कधी सल्ला विचारतात. बंद करायचाय, रास्ता रोको करायचाय. मी त्यांना भाषणं सांगत नाही. एवढंच म्हणतो, गावात आधी घरोघर जाऊन विचारून या, गाया किती, आणि पगार कोणत्या तारखेला.