बैठकीची उंची

चामड्याचे काम करणाऱ्या माणसाला मेज असावे की नसावे, असल्यास ते किती उंच असावे, कशाचे असावे आणि त्याचा खर्च कोणी उचलावा, हे प्रश्न वरकरणी एखाद्या सुतारापुढे ठेवावेत असे आहेत. नीतिविचाराला त्यात वाव कुठे, असे कोणी विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. तथापि आपल्या वऱ्हाडात, अमरावती-अकोल्याच्या परिसरात, धर्मग्रामातील मंडळी एखाद्या गरीब कारागिराला मदत करावयास निघतात तेव्हा बहुधा पहिली सूचना मेजाचीच येते. "बिचारा जमिनीवर बसून काम करतो, त्याला एखादे टेबल देऊ या." या एका वाक्यात दया आहे, सद्भाव आहे, आणि तपासून पाहावे असेही पुष्कळ काही आहे.

प्रथम कामाकडेच पाहू. सर्व कामांना एकच पृष्ठभाग चालावा, असे चामड्याचे नाही. रापीने कातडे कापायचे तर खाली लाकूड हवे, कारण दगडाला पाते लागले की धार गेलीच. उलट कातड्याची कड तासून पातळ करायची असेल तर खाली गुळगुळीत, न हलणारा दगड लागतो. लाकडाच्या रेषांत रापी अडखळते आणि एका क्षणात कातडे फाटते. भोके पाडायची तर तिसरीच गरज. ओंडका आडवा कापल्यावर ज्या बाजूला झाडाची वर्तुळे दिसतात ती बाजू वर हवी. तिच्यात हत्याराचे टोक रुतते, पण बोथट होत नाही. आणि हे तिन्ही ज्यावर ठेवायचे ते मेज पातळ फळीचे असेल, तर हातोडीचा अर्धा घाव मेजच गिळते. मेज नाचते आणि त्याचा शीण मनगटावर येतो. म्हणून जाणता कारागीर ठोकण्याचे काम मेजाच्या मधोमध करीत नाही. पायाच्या बरोबर वर करतो, कारण तिथे घावाला थेट जमिनीचा आधार असतो. काटकसर करायची ती वरच्या देखणेपणात करावी, पायांच्या जाडीत करू नये, हे येथेच ठरते. पायात वाचवलेला पैसा पुढे कोणाच्या तरी मनगटातून वसूल होत राहतो, आणि ते मनगट देणाऱ्याचे नसते.

हे सारे जमवावयास फार पैसा लागतो असेही नाही. मेळघाटचे सागवान नावाजलेले खरे, पण त्याची येथे गरज नाही. बैलगाडीची चाके करणारे सुतार पिढ्यान्‌पिढ्या ज्या बाभळीवर विसंबले, ती जड आणि कठीण बाभूळ पायांसाठी उत्तम. आंब्याचे लाकूड स्वस्त पडते, पण त्याला कीड लवकर लागते. जुना वाडा पाडला जातो तेव्हा तुळयांचे हात-दीड हात लांबीचे तुकडे निघतात. त्यांतला एक उभा ठेवला की भोके पाडण्याचा ठोकळा तयार. दगडासाठी शहाबादी फरशीचा उरलेला तुकडा पुरे. मिक्सर आल्यापासून पुष्कळ घरांतला पाटा मागच्या अंगणात पालथा पडलेला आहे. तोही चालेल, त्याला लावलेली टाकी घासून काढावी लागेल, एवढेच.

वऱ्हाडाने चामड्याचे ऋण कधी मोकळेपणाने मानले नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. पंप येण्यापूर्वी आपल्या विहिरींचे पाणी शेतात आले ते चामड्याच्या मोटेतून. ज्या पांढऱ्या सोन्यावर अकोला आणि अमरावती या बाजारपेठा उभ्या राहिल्या, तो कापूस सरकीपासून वेगळा झाला तोही चामड्याच्याच आधाराने. आपल्याकडील जिनांत चालणाऱ्या दुहेरी रुळांच्या यंत्रात रुळांवर चामड्याच्या चकत्या घट्ट बसवलेल्या असतात. त्या पृष्ठभागाला तंतू चिकटून पुढे ओढला जातो आणि सरकी पात्याशी अडते. (क्रोमने कमावलेल्या त्या चामड्याची धूळ कापसात आणि कामगाराच्या श्वासात जाते, म्हणून अलीकडे रबरी रूळही निघाले आहेत.) यंत्रे फिरवणारे पट्टेही एके काळी चामड्याचे असत. जिनाच्या मालकाचे नाव दारावर कोरले गेले. मोट शिवणाऱ्याच्या वाट्याला बलुते आले आणि बसावयास गावाची कड आली.

आता जमिनीवर बसण्याबद्दल. अकोल्यातील एका वयस्क कारागिराला मी एकदा विचारले, "मामा, उंच टेबल मिळाले तर बरे होईल ना?" ते हसले. हातातली चप्पल त्यांनी दोन्ही पायांच्या तळव्यांत धरली, आरी आरपार घातली आणि म्हणाले, "पाय हाच माहा शिकंजा हाय, भाऊ. टेबलावर पाय कुठी ठेवू?" हे उत्तर केवळ विनोदाचे नव्हते. जमिनीवर बसलेल्या कारागिराला चार हात असतात: दोन धरण्यासाठी, दोन शिवण्यासाठी. त्याला खुर्चीवर बसवून त्याच्यापुढे उंच मेज ठेवले की त्यांतले दोन आपण काढून घेतो. युरोपातील मोचीही उंच मेजाशी बसत नसे. त्याची बैठक बुटकी असे, शेजारी खिळे-दोऱ्यांचे खण असलेले ठेंगणे मेज असे, आणि जोडा गुडघ्यावर दाबून धरण्यासाठी तो एक चामडी पट्टा गुडघ्यावरून घेऊन पावलाखाली ताणून ठेवत असे. म्हणजे जमिनीजवळ राहणे ही या कलेची स्वतःची मागणी आहे. ज्याला आपण दैन्य म्हणतो त्यात पुष्कळ कौशल्य असू शकते.

पण येथेच थांबलो तर आपण फार सोयीस्कर निष्कर्ष काढला असे होईल. "त्यांना तसेच बरे वाटते" हे वाक्य आपल्या देशात फार जुने आहे आणि त्याने फार पापे झाकली आहेत. जमिनीवरच्या बैठकीला दुसराही एक अर्थ आहे, आणि तो हत्यारांनी ठरवलेला नाही. गिऱ्हाईक उभे राहते, पाय पुढे करते. कारागीर खाली बसून तो पाय पाहतो. कोणी कुठे उभे राहावे आणि कोणी कुठवर यावे, हा प्रश्न अमरावतीला नवा नाही. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी १९२७ साली याच शहरात सत्याग्रहाची चळवळ झाली. जातिव्यवस्था ही केवळ कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांची, तीही पायऱ्यापायऱ्यांची, विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली ठणकावून सांगितले. त्या पायऱ्या डोळ्यांपुढे असल्या की मेजाची उंची हा निव्वळ सुतारकीचा विषय राहत नाही. आज मोठ्या शहरांत हौसेने चामड्याच्या पिशव्या शिवणारे सुशिक्षित तरुण संगमरवरी पाट्याच्या मेजाशी बसतात आणि कलावंत म्हणवले जातात. तीच आरी, तोच दोरा, तोच टाका. त्यांचा मला हेवा नाही. उलट त्यांच्यामुळे या कामावरचा कलंक थोडा पुसला जात असेल तर चांगलेच. परंतु एस.टी. स्थानकाबाहेरच्या माणसाला त्याच टाक्यासाठी कोणी कलावंत म्हणत नाही, याचे कारण त्याच्या टाक्यात सापडत नाही.

तेव्हा बसलेला माणूस खाली बसला आहे की खाली बसवला गेला आहे, हे ठरवायचे कसे? माझ्या मते एक कसोटी लावता येते. त्याला उठता येते का? सकाळी जमिनीवर शिवावे, दुपारी उभे राहून कापावे, कंटाळा आला तर बाकावर बसावे, अशी मुभा त्याला असेल तर त्याची जमिनीवरची बैठक ही त्याची निवड आहे. दुसरे काही उपलब्धच नसेल, तर ती निवड आहे असे म्हणणे ही आपली पळवाट होय.

ज्यांच्या बाबतीत ही मुभा म्हणजे चैन नसून वैद्यकीय गरज आहे, अशीही माणसे आपल्याच भागात आहेत. अचलपूरजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. अमरावतीचे तपोवन डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी उभारले ते कुष्ठरुग्णाने दयेवर न जगता श्रमावर जगावे या आग्रहाने. वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णाचे हातपाय झडतात ते रोगाने सडून नव्हे, तर वेदना कळत नसल्याने झालेल्या जखमांनी. मऊ रबराच्या तळव्याच्या चपला त्यांच्यासाठी बनू लागल्या त्या याच ज्ञानातून. आता विचार करा. मांडी घालून बसताना बाहेरच्या घोट्यावर भार येतो. निरोगी माणूस नकळत पाय बदलतो. संवेदना गेलेल्याला बदलण्याची आठवणच होत नाही, आणि घोट्यावर व्रण होतो. अशा माणसाला चपला शिवण्याचे काम शिकवून जमिनीवर बसवणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणे. त्याला उंच बैठक हवीच, आणि पायाने धरण्याचे काम करणारा लाकडी चिमटाही हवा. एका कारागिराच्या बाबतीत उंच मेज हे ओझे ठरते, दुसऱ्याच्या बाबतीत ते न देणे ही हिंसा ठरते. बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही सारखेच दिसतात.

म्हणून विचारल्याशिवाय देऊ नये. महाराष्ट्रात चर्मकार समाजासाठी १९७४ पासून स्वतंत्र महामंडळ आहे. रस्त्याकडेला बसणाऱ्या गटई कामगारांना शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचा स्टॉल देण्याची शासनाची योजनाही आहे. पावसापासून आणि हुसकावणीपासून संरक्षण म्हणून तिचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. पण वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी पत्र्याच्या पेटीत, चिकटवण्याच्या द्रावणाचा उग्र वास कोंडलेला असताना, दुपारी कोण बसणार? दुपारी तो बाहेरच बसणार, आणि येणाराजाणारा म्हणणार की यांना काही दिले तरी वापरता येत नाही. मेजाचेही असेच होऊ शकते.

पवित्र शास्त्रात चामड्याच्या धंद्याचा संबंध येतो तो मोठा सूचक आहे. यापो येथे पेत्र पुष्कळ दिवस राहिला तो शिमोन नावाच्या चांभाराकडे, समुद्राकाठच्या घरात. कातडी कमावणे त्या समाजात हलके, विटाळाचे काम मानले जाई. पेत्राने शिमोनाला काही दिल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद नाही. तो त्याच्याकडे राहिला, एवढेच नमूद आहे. करिंथ येथे संत पौलाने अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू करण्याचे काम केले, तेही त्यांच्याच व्यवसायाचा म्हणून.

याच वाटेने एक गोष्ट थेट आपल्या शेजारच्या वर्ध्यापर्यंत येते. दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात मारियनहिल येथे ट्रॅपिस्ट संन्याशांचा मठ १८८२ साली स्थापन झाला. तेथे संन्यासी आणि स्थानिक आफ्रिकी लोक हस्तव्यवसाय करीत. गांधीजींनी १८९५ साली तो मठ पाहिला होता. पुढे टॉलस्टॉय फार्मवर चपला हव्या झाल्या तेव्हा त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख मारियनहिलला जाऊन चपला करावयास शिकून आले. त्यांच्याकडून गांधीजी शिकले आणि इतरांना शिकवू लागले. तुरुंगात स्वतः केलेला एक जोड त्यांनी जनरल स्मट्स यांना दिला, आणि स्मट्स यांनी तो १९३९ साली, गांधीजींच्या सत्तरीच्या निमित्ताने, आदराने परत केला. १९३०च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले, त्यामागे हीच परंपरा होती. बॅरिस्टर माणसाने कातड्याला हात लावला, याचे कौतुक आपण खूप केले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की त्याने ते शिकून घेतले, म्हणजे शिकवणाऱ्यासमोर शिष्य म्हणून बसला.

खर्च कोणी उचलावा, हा प्रश्न राहिला. आपण वर्गणी काढून मेज द्यावयास तयार असतो. आणि तेच आपण, उसवलेली चप्पल शिवून घेताना, पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. कामाची हत्यारे ही श्रमाचेच फळ आहेत आणि श्रम करणारा माणूस हत्यारांहून वरचा आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१च्या श्रमविषयक विश्वपत्रात मांडले. हे पोप तरुणपणी स्वतः दगडखाणीत राबले होते. त्यांचा विचार आपल्या रस्त्यावर आणायचा तर कारागिराचे मेज त्याच्या मजुरीतून निघाले पाहिजे, आणि मजुरी आपल्याच खिशातून जाते. दान करणे मला तुलनेने सोपे वाटते, कारण त्यात आपण देणारे असतो; योग्य मजुरी देताना आपण केवळ गिऱ्हाईक असतो.

तरीही कोणाला मेज द्यायचेच असेल, तर त्या माणसाला प्रथम हवे तसे बसू द्यावे आणि काम करताना त्याचा कोपर कुठवर येतो ते सुतळीने मोजावे. पूजेच्या चौरंगाएवढी उंची पुष्कळांना पुरते. त्यावर दगड एका बाजूला, ठोकळा पायावर, आणि आरी घरंगळू नये म्हणून कडेला बोटभर उंच पट्टी. आणखी एक गोष्ट त्यालाच विचारावी लागेल. अकोल्याच्या त्या मामांनी सगळे ऐकून घेतल्यावर तीच विचारली होती: रात्री हे कुठे ठेवू? आज त्यांची सारी हत्यारे एका पोत्यात मावतात आणि पोते सायकलीला अडकवून घरी जाते. बाभळीच्या पायांचे मेज सायकलीवर जात नाही. त्यासाठी जवळच्या एखाद्या दुकानदाराने आपल्या ओट्यावर, कुलपाच्या आत, रात्रीपुरती दोन हात जागा द्यावी लागेल. त्या रस्त्यावर ओटे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले दोन आपल्याच धर्मग्रामातल्या कुटुंबांचे आहेत.