अदृष्ट उष्णतेचा दाखला

हिममेघांतून मार्ग काढणाऱ्या लहान द्विइंजिनी विमानाच्या वैमानिकास वेगाने फिरणाऱ्या पंख्याची पाती दृष्टीस पडत नाहीत. मग त्यांच्या मुळाशी चिकटविलेल्या विद्युत्‌-तापपट्ट्या खरोखर तापत आहेत, याची ग्वाही कोणी द्यावी? ती देतो समोरचा अँमीटर: काटा हिरव्या पट्ट्यात राहिला आणि प्रवाहाची पाळी एका पट्टीगटाकडून दुसऱ्याकडे जाताना क्षणभरच हलला, म्हणजे सारे यथास्थित. नैयायिक धुरावरून अग्नीचे अनुमान करतो, तसेच हे प्रवाहावरून उष्णतेचे. परंतु काट्याची साक्ष प्रवाहापुरती. बर्फ गळाला की नाही, हे त्याच्या अखत्यारीबाहेरचे. एका पात्यावरचा गळून दुसऱ्यावरचा राहिला, की समतोल ढळून विमान थरथरते, आणि प्रत्यक्ष अनुभव अनुमानाची झडती घेतो. दाखला मानावा, पण त्याची हद्दही ओळखावी, हीच जागृत श्रद्धेची रीत होय.