सप्ताहात एक तास प्रश्नांचा

सोमेश्वरनगरच्या पंचक्रोशीत सप्ताह होत नाही असं गाव सापडणं कठीण. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी महिला मंडळाचं भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. आषाढीच्या वाटेवर सासवडहून निघालेली सोपानकाकांची पालखीही इथे येते. श्रवणाला आपल्याकडे तोटा नाही. पण या सगळ्या दिनक्रमात ऐकणाऱ्यानं तोंड उघडून आपली शंका कधी मांडायची?

पारायणच घ्या. नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत म्हणजे रोज तेराशेच्या आसपास. समोर व्यासपीठचालक, मांडवात रांगेनं बसलेले वाचक, मांडीवर ग्रंथ. एखादी ओवी मनाला टोचली तरी थांबता येत नाही. थांबलं की ओळ हुकते. या वाचनाचं मोल मी जाणतो. शाळा अर्ध्यात सुटलेल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या ओठी ज्ञानदेव आले ते पारायणामुळेच. तरीही शके १२१२ मध्ये नेवाशाला हा ग्रंथ सांगितला गेला तो असा धावत नव्हे. ज्ञानदेव श्रोत्यांना विनवतात, त्यांचं मन ओळखून विषयाला वळण देतात, निवृत्तिनाथांकडे पाहून स्वतःला आवरतात. मुळात गीताच अर्जुनाच्या प्रश्नांवर उभी आहे. त्यानं प्रश्न गिळला असता तर पुढचे अध्याय झालेच नसते.

आपल्या संतमंडळींची बैठक कशी होती, हे तेरच्या गोरोबाकाकांच्या घरातल्या त्या कथेत दिसतं. मुक्ताबाईनं विचारलं, काका, यातली कच्ची मडकी कोणती? काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. विठ्ठलाशी बोलणारा भक्त, त्यालाही मंडळींनी तोंडावर सांगितलं. नामदेवांचा मोठेपणा पुढे आहे. रुसून ते घरी बसले नाहीत. औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांना शरण गेले. एकट्यानं भक्ती करताना जे त्यांना दिसलं नव्हतं, ते चार माणसांत बसल्यावर दिसलं. आणि ही चार माणसं कोण? कुंभार, शिंपी, माळी, सोनार. त्यांच्यात सगळ्यात अवघड प्रश्न विचारला तो एका लहान मुलीनं. आपल्या मांडवात बायका एका बाजूला बसतात आणि प्रसादाची पंगत वाढायला उठतात. त्यांना काय पडताळून पाहायचंय, हे आपण कधी विचारलं?

ही परंपरा फार जुनी, आता कुठली, असं म्हणू नये. मुंबईत खेतवाडीच्या गल्लीत मारुती शिवरामपंत कांबळी नावाचे गृहस्थ विड्यांचं दुकान चालवत. १९३३ साली त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले. पुढे जग त्यांना निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखू लागलं. शिक्षण बेताचं, घर लहान. त्या घराच्या पोटमाळ्यावर देशोदेशीची माणसं दाटीवाटीनं बसत, प्रश्न विचारत. महाराज मराठीत उत्तर देत, कोणीतरी भाषांतर करी. पुष्कळदा उत्तराऐवजी प्रश्नच उलटून येई: हे विचारणारा तू कोण? मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या अभियंत्यानं, औंध संस्थानातल्या स्वराज्याच्या प्रयोगालाही ज्याचा हातभार होता त्यानं, ही संभाषणं इंग्रजीत आणली आणि १९७३ मध्ये त्यांचा ग्रंथ झाला. हे सारं प्रश्नोत्तरांतून उभं राहिलं.

'मी कोण' हा प्रश्न आपल्या भागात फार उंचावरून सुरू करण्याची गरज नाही. तो बांधावरून सुरू करता येतो. दरवर्षी नांगरटीला एक तास पलीकडे सरकवणारा हात कोणाचा? नीरा डाव्या कालव्याची पाळी शेजाऱ्याची असताना रात्री दार उघडणारा कोण? कपाळी बुक्का आणि गळ्यात माळ असलेला माणूस तो हाच का? असा शोध एकट्यानं घेतला तर मन लगेच वकिली करतं. चार जाणत्यांत बोललं की ती वकिली टिकत नाही.

अडचण आहे, ती मी लपवत नाही. आपल्याकडे चार माणसं बसली की कारखान्याचं पॅनल, गट, भावकी हे सगळं सोबत बसतं. दुसऱ्याला टोचायला प्रश्न विचारला जाईल, मग मांडवात भांडण. म्हणून एकच नियम कडक पाळावा: प्रत्येकानं स्वतःच्याच बांधाविषयी बोलायचं, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. कीर्तनकार बुवांना एखादं उत्तर माहीत नसेल तर त्यांनी तसं सांगावं. त्यानं त्यांचा मान वाढेल.

येत्या सप्ताहाची पत्रिका छापायला जाण्याआधी विश्वस्त मंडळींनी दुपारचा एक तास मोकळा ठेवावा आणि पत्रिकेत तो 'प्रश्नोत्तरे' म्हणून छापावा. त्या तासाला महिला मंडळाला पुढे बसवा. गळीत हंगाम सुरू असेल तर फडावर आलेल्या ऊसतोड कामगारांनाही कोप्यांवर जाऊन निरोप द्या. आणि पहिला प्रश्न गावातल्या सगळ्यात ज्येष्ठ वारकऱ्यानं स्वतःविषयी विचारावा.