कोरड्या खोऱ्यात चर खणा

वचन : २ राजे ३ : ९-२५



तीन राजे मवाबावर चाल करून निघाले. सात दिवसांच्या वळणाच्या वाटेनंतर सैन्यास व जनावरांस पाणी उरले नाही. तेव्हा इस्राएलाच्या राजाने काय केले? परमेश्वरानेच आम्हांला शत्रूच्या हाती देण्यास बोलावले, असे म्हणून तो हाय हाय करू लागला. हे बोलणे आपल्या ओळखीचे आहे. पाऊस लांबला की बीड जिल्ह्यात पारापारावर तेच ऐकू येते. आणि दुःखाने म्हणावे लागते की, आपल्या प्रार्थनामंदिरांच्या ओसरीवरही. यहोशाफाटाने मात्र एवढेच विचारले की, येथे परमेश्वराचा कोणी संदेष्टा आहे काय? अलीशा आला. त्याच्या तोंडून जी आज्ञा झाली ती उपासाची नव्हती, यज्ञाचीही नव्हती. या खोऱ्यात जिकडे तिकडे चर खणा, अशी ती होती.

वारा दिसणार नव्हता, पाऊसही दिसणार नव्हता. तशा कोरड्या जमिनीत कुदळ मारणे हाच त्या दिवशीचा विश्वास होय. सकाळी अर्पणाच्या वेळी अदोमाच्या वाटेने पाणी आले. ते कोठे बरसले हे शास्त्र सांगत नाही. पण चर नसते, तर ते तेथे थांबले असते काय?

आपला हिशेब पाहा. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे एकरी सव्वीस लाख लिटर. दुष्काळी वर्षी निम्माच पडला, तरी तेरा लाख. देवाने दिलेच नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? बालाघाटाच्या डोंगरावरून ते पाणी बिंदुसरेत, बिंदुसरेतून सिंदफणेत व पुढे गोदावरीत जाते, आणि शेताची माती बरोबर नेते. आपल्या काळ्या खडकाच्या भूमीत विहिरीचे पाणी मुख्यत्वे वरच्या मुरमाच्या व फुटक्या खडकाच्या थरात साठते. म्हणून आधी माथ्यावर, उतारास आडवे, समपातळीत चर खणावे, आणि मग खाली ओढ्यास बांध घालावा. माथा सोडून नुसता बांध घातल्यास तो गाळाने भरून जातो.

आता कठीण गोष्ट. हे चर खणतो कोण? आपल्या मंडळ्यांत भूमिहीन पुष्कळ आहेत. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको मिळून एक कोयता होतात व दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. मागे म्हातारी माणसे राहतात. उन्हाळ्यात परतून हेच लोक माथ्यावर कुदळ चालवितात, आणि पाणी वाढते ते पायथ्याशी ज्याची विहीर आहे त्याचे! तो त्यावर ऊस लावतो. मग शेजारी त्याहून खोल बोअर पाडतो, आणि विहीर आटते. याच अध्यायाच्या शेवटी, जे लोक परमेश्वराने दिलेले पाणी प्याले तेच मवाबाचे झरे बुजवीत गेले. उपदेशाच्या वेळी हा भाग आपण वगळतो. वगळू नये.

अलीशाने ते पाणी राजांपुरते सांगितले नव्हते. सैन्य, गुरे, ओझ्याची जनावरे, सर्वांनी प्यावयाचे होते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तिचा नियम याच्या फार जवळचा आहे. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, तर घरातील माणसांच्या मापाने, माणशी अर्ध्या एकराचे, भूमिहीनासही वाटा, आणि ऊस नाही. पाण्याचा हक्क हाती असलेल्यास बटाईने जमीन मागताना मान वर ठेवता येते. त्या अर्ध्या एकरात ज्वारी, हरभरा, बांधावर तूर, कडब्यावर दोन शेळ्या, त्यांचे खत पुन्हा शेतास, सांडपाण्यावर शेवगा. एवढ्याने सर्व कर्ज फिटेल असे मी म्हणत नाही. पण पुढच्या वर्षीची उचल कमी घ्यावी लागली, तरी ते थोडके नव्हे. कामाची रीत पाहावयाची असल्यास जिल्ह्यातच अंबाजोगाईस, डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या मानवलोक संस्थेकडे जावे. तेथे विचारण्यास संकोच कशाचा?

उपदेशक बंधूंनो, खणणाऱ्याचा वाटा किती, हे कुदळ लागण्यापूर्वी ठरवून घ्या, आणि ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. ती सभा १ मेची धरावी. तोपर्यंत पुष्कळसे कोयते गावी परतलेले असतात. ते नसताना भरलेल्या सभेत त्यांच्या वतीने कोणी बोलत नाही.