परक्याचे भय
शास्त्रपाठ : निर्गम १:८-२२; लेवीय १९:३३-३४



मिसर देशात नवा राजा गादीवर बसला आणि इस्राएल लोक फार वाढले आहेत, असे भय त्याने प्रजेच्या मनात घातले. वस्तुतः ते लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच भूमीत जन्मले व राबले होते. परंतु फारोला परका हवा होता. म्हणून त्याने शेजाऱ्यासच परका ठरविले. आधी भय, मग वेठ, आणि शेवटी तान्ह्या मुलग्यांस नदीत टाकण्याचा हुकूम! पाप ह्याच पायऱ्यांनी खाली उतरते.

इटलीत १९२२ साली मुसोलिनीने व जर्मनीत १९३३ साली हिटलरने सत्ता घेतली. त्यांच्या राजनीतीस जग फॅसिझम म्हणते. परदेशीय फार आले म्हणजे अशी राजनीती उपजते, असे पुष्कळांस वाटते. पण हिशेब पाहा. १९३३ साली जर्मनीत यहूदी सुमारे पाच लाख, म्हणजे शंभरांत एकही नव्हता. आणि त्यांतील बहुतेक तेथलेच नागरिक. १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी त्यांचे नागरिकत्वाचे हक्क हिरावले, आणि घरचा माणूस उपरा झाला. तेव्हा द्वेष परक्यामुळे जन्मत नाही; द्वेषालाच परका लागतो, आणि न मिळाल्यास तो घरातून निर्माण करतो.

१९३८ च्या जुलैत एव्हियाँ येथे ३२ राष्ट्रे निर्वासितांचा विचार करावयास जमली. हळहळ सर्वांनी दाखविली. दार उघडण्यास फारच थोडे तयार झाले. पुढे सुमारे साठ लाख यहूदी मारले गेले. मंडळीही निर्दोष राहिली नाही. यहूदी वंशाच्या पाळकांस काढावे, असा ठराव १९३३ साली प्रशियाच्या मंडळीने केला. बोनहोफर ह्या तरुण पाळकाने विरोध केला. हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी त्यास फाशी देण्यात आली.

आपल्या प्रांतात काहींस आसरा मिळाला. १९३४ साली मुंबईस आलेल्या वॉल्टर कौफमन ह्या यहूदी संगीतकारास आकाशवाणीच्या परिचयधुनेचे श्रेय दिले जाते. परक्याची ती देणगी खेड्यापाड्यांत रोज सकाळी ऐकू येत असे! तसेच रशियाने हद्दपार केलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले.

पण ह्याच महाराष्ट्रात २००८ साली उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या मजुरांस मारहाण झाली, हेही विसरू नये. राज्याने सीमा राखाव्या, नोंदी ठेवाव्या. ते त्याचे काम आहे. परंतु माणसाचा धिक्कार करणे हे कोणाचेच काम नाही. आपल्या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस, वीटभट्ट्यांवर, मुंबई-पुण्यास जातात. तेथे ती कोण? परकीच ना? मग आपल्या वेशीवर पाल ठोकणाऱ्यास चोर म्हणताना जीभ का अडखळत नाही?

आपल्या लोणारच्या सरोवराचे पाणी खारट. पण त्याच्याच काठावर धारेचे गोड पाणी अखंड वाहते आणि कोणासही त्याचे गाव विचारीत नाही. आपल्या तोंडातून ह्या दोहोंपैकी कोणते पाणी निघते, ह्याची परीक्षा प्रत्येकाने करावी. बाळ येशूही हेरोदाच्या भयाने मिसरात निर्वासित होता. तो आज आपल्या दारी आला, तर आपण त्याला आधी काय विचारू?

प्रभु आपणांस फारोच्या भयापासून राखो. आमेन.