थंडी सोसायची म्हणजे काय?

आजचं चिंतन : गीता, अध्याय २, श्लोक १४.

भगवान अर्जुनाला सांगतात, इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवणारच. ते येतं आणि जातं. तू ते सोस. या सोसण्याला तितिक्षा म्हणतात.

चिंचवडचा माझा मावसभाऊ जर्मनीत एमएस करतोय. काका चाकणला कंपनीत शिफ्ट करतात, घरावर शैक्षणिक कर्ज आहे. डिसेंबरच्या सुट्टीत तो स्टॉकहोमला निघालाय : रात्रीची बस, हॉस्टेलमधला बेड, तिथल्याच किचनमध्ये खिचडी. फोनवर म्हणाला, "दादा, जाड जॅकेट घेत नाही. तितिक्षा करतो, पैसे वाचतील."

मी म्हटलं, सेकंडहँड घे, पण घे. सहाव्या अध्यायात भगवान आहार-विहार बेताचा ठेवायला सांगतात. उपाशी राहून योग साधत नाही. कार्तिकात आळंदीला इंद्रायणीकाठी मुक्कामाला असलेला वारकरी घोंगडी पांघरतोच. म्हणून त्याची भक्ती उणी होत नाही.

स्टॉकहोमला त्या दिवसांत दुपारी तीनच्या आधीच सूर्य मावळतो. एवढ्या लांब संध्याकाळी एकटं वाटेल. बाबा नाइट शिफ्टला असताना आपण फिरतोय, ही बोच लागेल. तिच्यावर जॅकेट चालत नाही. तिथे तितिक्षा लागते. २१-२२ डिसेंबरनंतर दिवस पुन्हा मोठा होऊ लागतो, तशी ती बोचही ओसरते.

आज एवढंच करू या : आपण जे सोसतोय, त्यातलं टाळता येण्यासारखं काय आणि सोसण्यासारखं काय, हे वहीत लिहून काढू.