शून्याची नोंद

खडकवासल्यात पाणी किती, हे पावसाळ्यात अख्ख्या पुण्याला तोंडपाठ असतं. धरणाची क्षमता १.९७ टीएमसी, ते किती टक्के भरलं, हे रोज बातम्यांत येतं. याच पाण्यावर हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या असे पाहुणे उतरतात. त्यांना मोजणारी पट्टी भिंतीला लावता येत नाही. ते काम दुर्बीण घेऊन आलेले हौशी लोक करतात आणि नोंदी ई-बर्ड ॲपवर टाकतात.

यादी पाठवताना ॲप विचारतं: ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का?

मला वाटतं, लोकांनी मिळून करायच्या विज्ञानातला खरा नैतिक प्रश्न हाच आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे 'नल' आणि 'शून्य' यांची गल्लत झाली की अख्खा रिपोर्ट चुकतो. नल म्हणजे माहीत नाही. शून्य म्हणजे पाहिलं, आणि नव्हतं. तुम्ही 'हो' म्हणालात की यादीत नसलेला पक्षी शून्य धरला जातो. कावळा काय लिहायचा, असा कंटाळा दहा हजार जणांनी केला, तर कागदावर कावळे घटतात.

दुर्मीळ पक्षी लिहिलात तर कुणीतरी पुरावा मागतं. गाळलेल्या साळुंकीबद्दल मात्र कुणीच विचारत नाही. तिथे तुमच्यावर लक्ष ठेवणारे फक्त तुम्हीच असता.

सामान्यांच्या नोंदींवर भरवसा ठेवावा का? चिमण्यांचं उदाहरण घ्या. 'चिमण्या संपल्या' असं आपण सगळेच म्हणत होतो. २०२० सालचा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल साडेपंधरा हजार निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर उभा होता. त्यातून दिसलं की मोठ्या शहरांत चिमण्या घटल्या, पण देशभरात त्यांची संख्या साधारण स्थिर आहे. लोकांनी कंटाळा न करता चिमणी लिहिली, म्हणून हे कळलं. २०२३च्या अहवालात दीर्घकालीन कल तपासता आलेल्या ३३८ जातींपैकी २०४ घटताना दिसल्या. तेही अशाच नोंदींतून.

मग यात लोक नुसते फुकटचे मजूर आहेत का? शिकणं होत नसेल तर नक्कीच. पण ॲपमध्ये 'कुठलं तरी बदक' अशीही नोंद करता येते. दहावीपासून इंजिनिअरिंगपर्यंत 'माहीत नाही' या उत्तराला आपल्याला कधी अर्धा मार्कही मिळाला नाही. इथे ते उत्तर चालतं, अंदाजाने ठोकलेलं नाव मात्र घातक ठरतं. आपल्याला नेमकं काय दिसलं आणि काय दिसलं नाही, हे वेगळं ठेवायची सवय लागते. फॉरवर्ड वाचतानाही ती उपयोगी पडते.

फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. एका यादीला पंधरा मिनिटं पुरतात. चौपाटीवर कणीस भाजून होईपर्यंत तेवढा वेळ जातोच. कावळाही लिहा.